नवे सुपरवायझर झालात? अडून बसणाऱ्या आणि सतत कुरकुरणाऱ्या माणसांबरोबर काम कसं करायचं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी सहा वर्षं चेकर होते. मग एका सोमवारी मालकांनी बोलावून हेमिंग (टॉवेलचे काठ दुमडून शिवणं), चेकिंग आणि पॅकिंग हे तिन्ही विभाग माझ्याकडे दिले. चौतीस माणसं. त्यातल्या कितीतरी बायका माझ्या आईच्या वयाच्या. टॉवेल हातात घेतला की दोष कुठे आहे ते मला बोटांना कळायचं, पण माणसं कशी सांभाळायची हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिसऱ्याच आठवड्यात व्हायचं ते झालं. हेमिंगला एक बाई होत्या, सगळे त्यांना पेद्दक्का म्हणायचे. तेलुगूत पेद्दक्का म्हणजे थोरली बहीण. बावीस वर्षांचं काम, हात अतिशय साफ, पण तोंड दिवसभर चालू. "इथे काय खरं नाही", "कितीही शिवा, कापायचे ते कापणारच". नव्या पोरी त्यांच्याच शेजारी बसून शिकायच्या आणि आठ दिवसांत तसंच बोलायला लागायच्या. त्या दिवशी माल निघायचा होता. चेकिंगमधून परत आलेला गठ्ठा मी त्यांच्या मशीनवर आपटला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तोंड कमी चालवा आणि हात जास्त."

पेद्दक्का एक शब्द बोलल्या नाहीत. मशीन बंद केलं. बॉबिन काढली, कात्रीला दोरा गुंडाळला, दोन्ही आपल्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं आणि डबा मांडीवर घेऊन बसल्या. मागची मशीन थांबली, मग शेजारची. दहा मिनिटांत अकराच्या अकरा मशीन बंद. पुढची चाळीस मिनिटं शेडमध्ये फक्त पंख्यांचा आवाज होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी तो गठ्ठा उघडला. सव्वीस टॉवेल. त्यातल्या सतरांमध्ये शिलाईचा दोष नव्हताच. कुठे पाइल, म्हणजे टॉवेलवरचे धाग्याचे फासे, उपटलेली, कुठे काठाजवळ ताण्याचा, म्हणजे उभा, धागा तुटलेला. म्हणजे चूक मागावरची, आणि त्या नगांची मजुरी कापली जात होती पेद्दक्कांची. दोन वर्षं त्या हेच सांगत होत्या. आम्ही त्याला कुरकुर म्हणत होतो.

त्या दिवसानंतर मी जे शिकले ते क्रमाने लिहिते आहे. तुम्ही टॉवेलमध्ये असा, युनिफॉर्मच्या शिलाईत असा, यंत्रमागावर असा किंवा चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या कंपनीत, नव्याने माणसं हाताखाली आली असतील तर यातलं बरंचसं लागू पडेल.

१. पहिल्याच दिवशी एक वही घ्या

दोनशे पानी साधी वही पुरते. रोज सुट्टीच्या आधी पाच मिनिटं त्यात लिहायचं : तारीख, वेळ, तुम्ही काय पाहिलं, तिथे कोण होतं, तुम्ही काय बोललात. मत लिहायचं नाही, पाहिलेलं लिहायचं.

चुकीची नोंद अशी : "अमका आज पुन्हा उर्मटपणे वागला." यावरून सहा महिन्यांनी तुम्हालाच काही आठवणार नाही आणि दुसऱ्या कुणाला पटणारही नाही.

बरोबर नोंद अशी : "सकाळी १०.२०. तीन नंबरच्या टेबलावर कार्टन बांधायला सांगितलं. 'माझं काम नाही' म्हणून बाहेर गेला, १०.५० ला आला. चेकिंगच्या दोघी तिथे होत्या."

या वहीत चांगलंही लिहा. कुणी न सांगता दुसऱ्याचा गठ्ठा पूर्ण करून दिला, कुणी चुकीचं लेबल वेळेत पकडलं, ते तारखेसह हवं. सहा महिन्यांची फक्त वाईटाची वही ज्याच्या हाती लागेल त्याला तुमचा हेतूच संशयास्पद वाटेल. माझंही तसं झालं होतं : एकाच माणसाची चौदा पानं होती आणि बाकी तेहतीस जणांची मिळून सहा. मी त्याच्यावर डोळा ठेवून होते हे मला ती पानं मोजल्यावर कळलं.

कुणाचं आजारपण, नवऱ्याचं व्यसन, घरातलं भांडण असलं काही या वहीत लिहू नका. वही कुलुपात ठेवा.

२. "नकारात्मक" हा शब्द बाजूला ठेवा

आळशी, उर्मट, डोक्याने गरम, नकारात्मक. असा शिक्का मारला की आपला तपास तिथेच थांबतो. त्याऐवजी मी स्वतःला हे विचारते :

हा माणूस जे बोलतो आहे ते खरं आहे का? त्याला हे काम कुणी नीट शिकवलं आहे का? हल्लीच काही बदललं का, की पहिल्यापासून असंच आहे? आणि त्याच्या वागण्याने नेमकं काय बिघडतं : माल, वेळ, दुसऱ्या कुणाचं मन, की फक्त माझा मूड?

शेवटचा प्रश्न प्रामाणिकपणे विचाराल तर निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. तोंड वाकडं करून का होईना, पण वेळेत आणि नीट काम करणारा माणूस हा शिस्तीचा प्रश्न नाही. त्याने आपल्याशी हसून बोलावं ही आपली इच्छा आहे आणि त्याचा पगार त्यासाठी दिला जात नाही.

बाहेरगावाहून सोलापुरात आलेल्या नव्या अधिकाऱ्यांना एक सांगते. इथल्या बोलण्यात "बे" येतं. "काय की बे", "चल की बे". मित्र मित्राला म्हणतो, भाऊ भावाला म्हणतो. पुण्याहून आलेल्या आमच्या एका साहेबांनी यावरून एका पोराला उद्धट ठरवून टाकलं होतं. तो पोरगा त्याच्या हिशेबाने आपलेपणाने बोलत होता. तुम्हाला ते नको असेल तर सरळ सांगा, तो ऐकेल. पण त्यावरून माणसाचं मोजमाप करू नका.

३. कारण शोधा, आणि ते बहुतेक वेळा शेडच्या बाहेर सापडतं

ही पायरी सगळ्यात जास्त वेळ घेते आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

पाणी. सोलापुरात वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी येत आलं आहे. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातली बाई भांडी, पिंपं, टाकी भरल्याशिवाय बाहेर पडू शकत नाही. आमच्याकडे चार बायका "सारख्या उशिरा येतात" म्हणून बदनाम होत्या. वहीतल्या तारखा मांडल्या तेव्हा दिसलं की चौघी एकाच भागातल्या आणि उशीर नेमका पाण्याच्या दिवशी. त्या दिवशी त्यांनी अर्धा तास उशिरा यायचं आणि अर्धा तास उशिरा सुटायचं असं ठरवलं. प्रश्न संपला.

उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये इथला पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि वर पत्रा असतो. दुपारी दोन ते चार या वेळेतली भांडणं मी मोजली तर दिवसातल्या बाकी सगळ्या वेळेपेक्षा जास्त निघाली. चहाची सुट्टी अलीकडे घेतली, शेडच्या दोन्ही टोकांना पाण्याचे माठ ठेवले. या वेळेत कुणालाही समज द्यायला बोलावू नका, ना त्याचं डोकं जागेवर असतं ना तुमचं.

उचल. यंत्रमाग आणि टॉवेलच्या धंद्यात कामगार मालकाकडून उचल घेतो आणि ती पगारातून फिटत राहते. उचल फिटलेली नसते म्हणून काम सोडता येत नाही, आणि काम नकोसं झालेलं असतं. असा माणूस शेडमध्ये सगळ्यात जास्त कडू बोलतो. त्याची उचल किती राहिली आहे हा आकडा त्याला स्वतःलाच नीट माहीत नसतो. तो कागदावर लिहून त्याच्या हातात द्या. एकाच्या बाबतीत एवढ्यानेच फरक पडलेला मी पाहिला आहे. राहिलेली रक्कम त्याला वाटत होती त्याच्या निम्मी होती.

जुना अनुभव. आमच्याकडच्या कितीतरी बायका आधी घरी विड्या वळायच्या. विडीला मजुरी हजारावर मिळते, आणि कारखान्यात माल द्यायला गेलं की त्यातल्या काही विड्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात. का काढल्या हे विचारायची सोय नसते. दहा-दहा वर्षं हे सोसून आलेली बाई तुमच्या चेकिंगच्या टेबलाकडे विश्वासाने कशी बघेल? तिला प्रत्येक परत आलेला टॉवेल म्हणजे फसवणूकच वाटते. म्हणून दोष दाखवताना टॉवेल तिच्या हातात द्या, बोट ठेवून दाखवा, आणि तिला बोलू द्या.

आजारपण. पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि कारखाना ईएसआयसीत (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल, तर अंशदानाची अट पुरी झाल्यावर डॉक्टरच्या दाखल्यावर आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. अनेकांना हे माहीतच नसतं. मग अंगात ताप घेऊन येतात, चिडचिड करतात, चुका करतात, किंवा न सांगता खाडा करतात. ईएसआयसीचं कार्ड कुठे आहे हे प्रत्येकाला विचारा. ज्यांना माहीत नाही त्यांची यादी ऑफिसात द्या.

सण. संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, रमजान. ही रजा मागितली जाणारच. महिनाभर आधी यादी करून फळ्यावर लावा. आयत्या वेळी "नाही" म्हटल्यावर जे वातावरण बिघडतं ते आठवडाभर सुधारत नाही.

४. बोलायचं ते एकट्यात, आणि त्याच्या भाषेत

सगळ्यांसमोर सुनावल्याने काय होतं ते वर सांगितलंच. एकट्यात म्हणजे काचेच्या केबिनमध्ये बोलावून नाही, तिथे सगळी शेड बघत असते. मी गोदामात गाठी मोजायच्या निमित्ताने बोलते. पुरुष सुपरवायझरने बाईशी बोलताना दार उघडं ठेवावं आणि एखादी वयाने मोठी बाई नजरेच्या टप्प्यात असावी. ते दोघांसाठीही बरं.

सुरुवात आरोपाने करू नका. "एमैंदी अक्का?" किंवा कन्नड बोलणारी असेल तर "एनायतु अक्का?" म्हणजे "काय झालं?" एवढं तोडकंमोडकं तेलुगू-कन्नड तरी शिका. सोलापुरात काम करायचं तर ते लागतं, आणि आपण त्यांच्या भाषेकडे एक पाऊल गेलो की समोरचा माणूस सैलावतो. पुढचं बोलणं नीट कळावं म्हणून दुभाषी लागला तर तिची मैत्रीण किंवा तिच्याशी वाकडं असलेली बाई घेऊ नका. दुसऱ्या विभागातलं माणूस घ्या.

मग तीनच गोष्टी बोलायच्या. मी काय पाहिलं. तुमचं त्यावर काय म्हणणं आहे. आणि आता काय ठरलं.

उदाहरण देते : "मंगळवारी आणि गुरुवारी नव्या मुलीने दोनदा विचारलं तेव्हा तुम्ही तिला 'डोकं घरी ठेवून येतेस का' म्हणालात. ती दोन्ही वेळा रडली. काय झालं होतं?" एवढं विचारून गप्प बसायचं. मला ही शांतता सोसायची नाही, मी लगेच पुढचं वाक्य टाकायचे आणि समोरच्याचं खरं उत्तर तोंडातच राहायचं. आता मी मनात वीसपर्यंत मोजते.

"तुम्ही नेहमीच", "तुम्हाला कधीच", "सगळे म्हणतात" हे शब्द टाळा. "सगळे म्हणतात" म्हटलं की तो बाहेर जाऊन कोण म्हणालं ते शोधत बसतो आणि तुम्ही एकाचे दोन प्रश्न केलेले असतात.

वयाने मोठ्या माणसाला अहो-जाहोच करा, मग तो तुमच्या हाताखाली का असेना. मामा, अण्णा, अक्का, मेस्त्री, जे शेडमध्ये चालतं तेच. बढती मिळाल्यावर अचानक नावाने हाक मारायला लागू नका.

५. तक्रार खरी निघाली तर आठ दिवसांत काहीतरी दिसलं पाहिजे

पेद्दक्कांच्या बाबतीत आम्ही परत आलेल्या मालाच्या रजिस्टरात एक रकाना वाढवला : दोष मागावरचा की शिलाईचा. मागावरचा असेल तर हेमिंगचे नग कापायचे नाहीत. मालक आधी तयार नव्हते. मी त्यांना तीन आठवड्यांचे आकडे दाखवले, मग झाले. पहिल्या पगाराला पेद्दक्कांनी पैसे दोनदा मोजले आणि पाकीट कमरेला खोचलं. मला काही म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एका नव्या मुलीला मात्र मी ऐकलं असं सांगत होत्या, "परत आला तर आधी बघ कुणाचा दोष आहे, मग बोल." त्या अजूनही कुरकुरतात. पण आता त्यांची कुरकुर ऐकली की मी वही उघडते, कारण बहुतेक वेळा तिच्यात काहीतरी सापडतं.

करता येणार नाही असं काही मागितलं असेल तर तेही आठ दिवसांत सांगा, कारणासह. "बघतो", "वर सांगितलंय" अशी उत्तरं देत राहिलात तर पुढच्या वेळी तुमच्यापर्यंत काही येणारच नाही, ते चहाच्या टपरीवर बोललं जाईल.

वीस किंवा जास्त कामगार असतील तर तक्रार निवारण समिती असणं बंधनकारक आहे. तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे सारखे सदस्य, जास्तीत जास्त दहा, आणि बायकांना त्यांच्या संख्येच्या प्रमाणात जागा. कामगाराला वर्षभराच्या आत तक्रार देता येते आणि समितीने ३० दिवसांत काम पूर्ण करायचं असतं. तुमच्याकडे ती फक्त कागदावर असेल तर सदस्यांची नावं फळ्यावर लावून घ्या.

६. एकाची नाराजी गटात पसरते तेव्हा

दिवाळीच्या आधीचा महिना सगळ्यात अवघड. बोनस किती, कधी, उचल कापणार का, यावर कुजबुज सुरू होते आणि मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कुणीतरी दुसऱ्या कारखान्याचा आकडा टाकतं. कायद्याने पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के बोनस असतो. मालकांकडून टक्का आणि तारीख लवकर ठरवून घ्या आणि फळ्यावर लिहा. अफवा पसरवणारा कोण हे शोधण्यात मी एक दिवाळी घालवली होती. तो वेळ आकडा मिळवण्यात घालवला असता तर बरं झालं असतं.

दुसरा प्रकार जास्त चिवट असतो : ज्याच्यावाचून अडतं असा हुशार माणूस. आमच्याकडे शिलाई मशीन दुरुस्त करणारे मेस्त्री होते. हात लावला की मशीन सुरू. पण नव्या मुलींचं मशीन बंद पडलं की ते पाऊण तास फिरकायचे नाहीत, आणि आल्यावर असं काही बोलायचे की मुलगी पुढच्या वेळी बोलवायलाच घाबरायची. आडून सांगितलं, सरळ सांगितलं, उपयोग नाही. मग भिंतीवर एक तक्ता लावला : मशीन बंद पडल्याची वेळ, मेस्त्रींना सांगितल्याची वेळ, हात लागल्याची वेळ. सगळ्यांसाठी, तीन आठवडे. नंतर तो तक्ता घेऊन मी मेस्त्रींबरोबर गोदामात बसले. जुन्या लाइनला सरासरी दहा मिनिटं, नव्या लाइनला पन्नास.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्या पोरी मला टाळ्या वाजवून बोलावतात. मी कुत्रा आहे का?"

हे मला माहीत नव्हतं. आवाजात ऐकू जात नाही म्हणून मुली लांबून टाळ्या वाजवायच्या. त्या दिवसापासून टाळी बंद. जागेवर जाऊन "मेस्त्री, सात नंबर बंद आहे" असं सांगायचं आणि तक्त्यावर लिहायचं. मेस्त्री तक्त्याच्या क्रमाने जायचे. त्यांचं टोचून बोलणं पूर्ण गेलं नाही, पण पन्नास मिनिटांची पंधरा झाली. तक्ता अजून भिंतीवर आहे.

७. सगळं करून झालं आणि तरी फरक नाही, तेव्हा कागदाचा रस्ता

इथे नवे लोक सगळ्यात मोठी चूक करतात. मीही केली. पॅकिंगचा एक मुलगा मुद्दाम कार्टनची लेबलं बदलायचा. रंगीत माल पांढऱ्याच्या खोक्यात. दुसऱ्यांदा सापडला तेव्हा मी म्हणाले, "उद्यापासून येऊ नको." तो सरळ कामगार कार्यालयात गेला. तिथून पत्र आलं तेव्हा आमच्याकडे दाखवायला एकही कागद नव्हता. समज दिल्याची नोंद नाही, नोटीस नाही, काही नाही. त्याला परत घ्यावं लागलं, आणि तो ज्या दिवशी परत आला त्या दिवशी माझ्या शब्दाला शेडमध्ये काही किंमत उरली नाही.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. तोंडी समज, वहीत नोंद. मग लेखी समज, त्याची सही घेऊन. मग कारणे दाखवा नोटीस, उत्तराला पुरेसा वेळ देऊन. उत्तर पटलं नाही तर आरोपपत्र. मग चौकशी, आणि चौकशी करणारा माणूस त्या भांडणात नसलेला हवा. म्हणजे तुम्ही नाही. कामगाराला आरोप कळले पाहिजेत, कागद बघायला मिळाले पाहिजेत, साक्षीदाराला प्रश्न विचारता आले पाहिजेत आणि स्वतःची बाजू मांडता आली पाहिजे. यातली एक पायरी गाळलीत तर खरा आरोपही टिकत नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यातल्या रोजच्या कामात लागणाऱ्या गोष्टी अशा. स्थायी आदेश, म्हणजे कामाच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम, ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला लागू होतात, पण लहान कारखान्यालाही बाजू ऐकून घेतल्याशिवाय काढता येत नाही. प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यावं लागतं. स्थायी आदेश लागू असलेल्या ठिकाणी कुणाला निलंबित केलं तर चौकशी साधारणपणे ९० दिवसांत पूर्ण करायची असते आणि त्या काळात निम्मं वेतन निर्वाह भत्ता म्हणून द्यायचं असतं. चौकशी त्याहून लांबली आणि त्यात कामगाराचा दोष नसेल तर ७५ टक्के. दंड करायचा तर आधी कारण विचारायचं, आणि त्या पगाराच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त दंड नाही. "एक डझन खराब, अर्ध्या दिवसाचा पगार कट" असलं काही तोंडाने ठरवू नका. माणूस काम सोडून गेला किंवा काढला गेला तर त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं.

गैरवर्तन कशाला म्हणायचं याची यादी नमुना स्थायी आदेशांत आहे : जाणूनबुजून आदेश न मानणं, चोरी किंवा फसवणूक, मालाचं मुद्दाम नुकसान, वारंवार उशीर, रजेशिवाय सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी, कामात वारंवार हयगय. ती एकदा नीट वाचा. तोंड पाडून बसणं, कुरकुरणं हे तिच्यात नाही. तुमची तक्रार या यादीतल्या एखाद्या ओळीत बसत नसेल तर नोटिशीचा विचार सोडा आणि पायरी तीनवर परत जा.

नोटीस घ्यायला नकार दिला तर ओढाताण करू नका. दोन साक्षीदारांसमोर ती त्याच्या भाषेत वाचून दाखवा, "घेतली नाही" असं लिहून त्यांच्या सह्या घ्या आणि स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह घरच्या पत्त्यावर पाठवा. राजीनामा कधीही दडपून लिहून घेऊ नका, कोऱ्या कागदावर सही तर मुळीच नाही.

त्या पॅकिंगच्या मुलाची पुढच्या वेळी रीतसर चौकशी झाली आणि त्याला जावं लागलं. हिशेब घ्यायला त्याची आई बरोबर आली होती. तिने एवढंच विचारलं, "आधी मला का नाही सांगितलं?" वीस वर्षांचा मुलगा होता. कायद्याने मी आईला सांगायला बांधील नव्हते. तरीही आता अगदी कोवळं पोर असेल तर मी त्याला विचारते, घरच्या कुणाशी बोलू का, आणि तो हो म्हणाला तर बोलते.

८. या गोष्टी "स्वभाव" म्हणून सोडू नका

कुणी बाईला नको तसं बोललं, हात लावला, मोबाइलवर घाण पाठवली, तर तुम्ही मध्ये पडून मिटवायचं नाही. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कारखान्यात लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष बाईच हवी. तीन महिन्यांत लेखी तक्रार, ९० दिवसांत चौकशी. बाईला लिहिता येत नसेल तर लिहून द्यायला मदत करा. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते.

जातीवरून, धर्मावरून बोललेलं हसण्यावारी नेऊ नका, तुमचा साहेब हसला तरी. आणि दारू पिऊन आलेल्याला मशीनजवळ एक मिनिटही थांबू देऊ नका. त्याच्याशी वाद घालू नका, कुणाला तरी बरोबर देऊन घरी पाठवा, बोलणं दुसऱ्या दिवशी.

९. वरच्यांना आधी विश्वासात घ्या

तुम्ही लेखी समज दिलीत आणि तो कामगार मालकांकडे जाऊन, "साहेब, जाऊ द्या की" म्हणून ती फाडून आला, तर सगळं पाण्यात. पहिल्याच महिन्यात मालकांना विचारून ठेवा : कुठपर्यंत मी ठरवायचं आणि कुठून पुढे तुम्ही.

जवळ ठेवायचे कागद

– रोजच्या नोंदींची वही, आणि कुलूप लागणारा ड्रॉवर
– प्रत्येकाच्या नेमणूकपत्राची प्रत आणि कामाचं वर्णन, त्याला वाचता येईल त्या भाषेत
– हजेरीपत्रक आणि रजेचे अर्ज, तोंडी मागितलेली रजासुद्धा लिहून
– परत आलेल्या मालाचं रजिस्टर, दोष कुठला त्याच्या रकान्यासह
– उचलीचा हिशेब, दर महिन्याला कामगाराची सही घेतलेला
– लेखी समज आणि कारणे दाखवा नोटिशीचे कोरे नमुने, कामगार कायद्याच्या सल्लागाराने एकदा तपासलेले
– तक्रार निवारण समिती आणि अंतर्गत समितीच्या सदस्यांची नावं व फोन, फळ्यावर
– ईएसआयसी कार्डांची यादी
– कोणत्या भागात कोणत्या दिवशी पाणी, त्याचा कागद. हा दर उन्हाळ्यात बदलतो, पुन्हा विचारून घ्या.